समोरचा ‘खत्फॉल’ झालाय म्हणजे नक्की काय झालंय?

प्रश्न असा आहे. विचारणारे पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या सपोर्ट टीममध्ये आहेत आणि त्यांचा ग्राहक केपटाऊनजवळचा. बिलिंगमधली एकच अडचण तीन महिन्यांत पाच वेळा परत आली. सहाव्या वेळी तिकडच्या ऑफिसमधल्या बाईंनी इंग्रजीत मेल पाठवला. त्यात लिहिलं होतं की आम्ही आता या प्रकाराला ‘गॅटव्हॉल’ झालो आहोत आणि सगळं ऑफिस ‘द मोअर इन’ आहे. यांनी शब्द शोधला, ‘गॅट’ म्हणजे शरीराचा कोणता भाग ते कळलं, आणि मॅनेजर तडकले: ‘ही चक्क शिवी आहे, लेखी माफी मागायला लावू.’ आता यांना तीन गोष्टी हव्या आहेत. ही शिवी आहे का? टीमसाठीच्या मराठी टिपणात काय लिहायचं? आणि उत्तर देताना हाच शब्द आपण वापरला तर जवळीक वाटेल का?

माफीचं आधी सांगते, कारण तेच सगळ्यात तातडीचं आहे. मागायला लावू नका. त्या बाईंनी तुम्हाला शिवी दिलेली नाही. त्यांनी तुम्हाला स्वतःची अवस्था सांगितली आहे, आणि ती तुमच्या मॅनेजरना वाटते त्यापेक्षा वेगळ्या अर्थाने गंभीर आहे.

मी बावीस वर्षं इंग्रजी-मराठी भाषांतर करते. सबटायटल, करारमदार, अधूनमधून दुभाषी म्हणून बैठकांना बसणं असं सगळं. त्यातली 2016 ते 2020 ही चार वर्षं केपटाऊनला गेली. आफ्रिकान्स, म्हणजे डचपासून झालेली तिथली एक भाषा, मला कामापुरती येते, घरच्यासारखी येत नाही. त्यामुळे व्याकरणाच्या बारकाव्यांपेक्षा हा शब्द ऐकल्यावर माणसं काय करतात, त्याबद्दल मी जास्त खात्रीने बोलू शकते.

शब्द मूळचा आफ्रिकान्स. उच्चार ‘गॅटव्हॉल’ नाही. आफ्रिकान्समध्ये ‘ग’ घशातून खरवडून काढतात, उर्दूतल्या ‘ख़’सारखा, आणि ‘व्ह’चा ‘फ’ होतो. म्हणून ‘खत्फॉल’. पुढच्या व्हिडिओ कॉलवर हा आवाज कानावर पडला तर ओळखता यावा म्हणून सांगितलं. ‘खत’ म्हणजे भोक, छिद्र, बीळ, आणि बोलीत ढुंगण. ‘फॉल’ म्हणजे भरलेलं. आता एवढं वाचून कोणीही दचकेल. पण हाच ‘खत’ कुलपाच्या किल्लीच्या भोकात आहे, नाकपुडीत आहे, रानातल्या पाणवठ्यातही आहे. डेन्मार्क आणि स्वीडनच्या मधल्या कॅटेगॅट सामुद्रधुनीच्या नावातही तोच आहे, डच खलाशांनी दिलेला: मांजराचं भोक. शाळेच्या नकाशात ते नाव आपण सगळ्यांनी कसलाही संकोच न करता वाचलेलं आहे.

हे सांगायचं कारण एवढंच, की शब्द उकलून त्याचे अवयव टेबलावर मांडले की कुठलीही भाषा अश्लील दिसायला लागते. आपण ‘नाकी नऊ आले’ म्हणतो. ते नऊ कोणते? शरीराची नऊ दारं, आणि त्या सगळ्यांतले प्राण नाकाशी गोळा झाले, असं त्याचं स्पष्टीकरण जुनी माणसं देतात. त्या नऊ दारांत हेही दार आलंच की! आफ्रिकान्सने एका दाराचं नाव घेतलं, आपण संख्या सांगून मोकळे झालो. म्हणून कोणी आपल्या आजीला अश्लील म्हणत नाही.

तुमच्या कामाचं आहे ते शब्दाचं व्याकरण. ‘खत्फॉल’ हे बोलणाऱ्याने स्वतःला लावलेलं विशेषण आहे. ‘मी अमुक गोष्टीला खत्फॉल आहे’ अशीच त्याची रचना होते. समोरच्याला ‘तू खत्फॉल’ म्हणून शिवी देता येत नाही, जसं मराठीत ‘तू वैतागलेला’ ही शिवी होत नाही. शिव्या वेगळ्या असतात, त्यांची तोंडं समोरच्याकडे असतात. त्याच भाषेतला ‘फुट्सेक’ घ्या. डचमधल्या ‘पुढे हो, सांगतो ना’ अशा अर्थाच्या तीन शब्दांचं झिजून झालेलं हे रूप. कुत्र्याला हाकलताना म्हणतात. आपलं ‘हाड्’ जसं. माणसाला म्हटलं तर सरळ अपमान. तुमच्या मेलमध्ये ‘फुट्सेक’ असता तर मी म्हटलं असतं, होय, मॅनेजरसाहेबांना बोलवा.

तसाच एक ‘सिस’ आहे. आफ्रिकान्स ‘सीस’ वरून इंग्रजीत आलेला. घाण दिसली, वास आला, कोणी किळसवाणं वागलं की म्हणतात. आपलं ‘शी!’ त्याच्या जवळपास हुबेहूब बसतं. लहान मुलाने जमिनीवरचं काही तोंडात घातलं की केपटाऊनची आई ‘सिस, मॅन’ म्हणते, मग समोरची मुलगी का असेना. तो ‘मॅन’ सगळ्यांना लागतो. ‘सिस’ क्षणाचा असतो. ‘खत्फॉल’ व्हायला मात्र वेळ लागतो, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर या वेळ लागण्यातच आहे.

एका फटक्यात कोणी खत्फॉल होत नाही. ट्रॅफिकमध्ये कोणी आडवा आला तर तिथला माणूस चिडेल, ओरडेल, पण ‘मी खत्फॉल आहे’ असं म्हणणार नाही. रोज त्याच चौकात तोच सिग्नल महिनाभर बंद असेल तर म्हणेल. (तिथे सिग्नलला ‘रोबॉट’ म्हणतात. पहिल्या आठवड्यात मला कोणीतरी ‘पुढच्या रोबॉटला डावीकडे वळा’ असं सांगितलं आणि मी खरोखर इकडेतिकडे यंत्रमानव शोधत होते.) शब्दातला ‘भरलेलं’ हा भाग म्हणूनच महत्त्वाचा. थेंब थेंब साठत गेला, माप काठोकाठ भरलं, आता एक थेंबही मावत नाही. आपल्याकडे पापाचा घडा भरतो, डोक्यावरून पाणी जातं. कल्पना तीच, फक्त पाणी मोजायची जागा निराळी.

मी तिथे असताना 2018 साली शहरावर पाण्याचं मोठं संकट आलं. फेब्रुवारीपासून माणशी दिवसाला 50 लिटर पाणी, एवढीच परवानगी होती. नळ पूर्ण बंद होण्याच्या दिवसाला ‘डे झीरो’ नाव दिलेलं, आणि तो दिवस कधी उजाडणार याचे अंदाज बदलत राहायचे. आंघोळीचं पाणी बादलीत धरून संडासात ओतायचं, हे घरोघरी चाललेलं. सुरुवातीचे आठवडे लोक विनोद करत होते. मग ते थांबले. मग एके दिवशी आमच्या इमारतीतल्या अत्यंत सभ्य निवृत्त मास्तरांच्या तोंडून जिन्यात तो शब्द आला, कोणाला उद्देशून नाही, बादलीकडे बघून. त्याआधी दोनच वर्षं लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, त्यामुळे मला टंचाईचं नवल नव्हतं. पण मराठवाड्यातली माझी मावसबहीण त्या काळात फोनवर ‘जीव मेटाकुटीला आलाय गं’ म्हणायची. त्यात थकवा होता. मास्तरांच्या शब्दात थकवा होताच, वर राग होता, आणि त्याच्याही तळाशी किळस होती: आता ही बादली माझ्या नजरेसमोर नको.

राग, थकवा आणि किळस हे तीन एकत्र आले की खत्फॉल. तिघांतला एक गळला की दुसरा शब्द लागतो. कोशांत याचा अर्थ बहुधा ‘कंटाळलेला’, ‘वैतागलेला’ अशा अंगाने दिलेला सापडेल. तो चूक नाही. पण रविवारी दुपारी कंटाळलेला माणूस आणि सहाव्यांदा तेच बिल चुकलेलं बघणारा माणूस, या दोघांत जे अंतर आहे ते ‘कंटाळलेला’ या शब्दात कुठे मावतं?

आता सभ्यतेचं. इथे मात्र ‘अवलंबून आहे’ म्हणावंच लागतं.

आफ्रिकान्स घरात हा शब्द जरा रांगडाच मानतात. त्यांच्याकडे याचाच सोवळा भाऊ आहे, ‘किअलफॉल’, म्हणजे घशापर्यंत भरलेला. पोटापर्यंत भरलेला असाही एक शब्द आहे. म्हणजे तुम्ही कोणत्या उंचीवर माप धरता त्यावर तुमचे संस्कार ठरतात! केपटाऊनच्या रायलँड्स भागात मी एका कोकणी मुसलमान कुटुंबाकडे जात असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरीकडची बरीच कोकणी मंडळी तिथे गेली, काहींच्या घरात अजून कोकणी बोलली जाते. त्या घरातल्या आजींना कोकणी, इंग्रजी, आफ्रिकान्स तिन्ही येत. नातू जेवताना अभ्यासाला ‘खत्फॉल’ झाल्याचं बोलला तर त्या डोळे वटारून म्हणाल्या, ‘टेबलावर किअलफॉल म्हण.’ नातवाने मुकाट्याने घसा पकडला. मी चपाती तोडता तोडता मनात नोंद केली: शब्द बंदी घालण्याइतका वाईट नाही, जेवणाच्या टेबलावर मात्र चालत नाही.

हाच शब्द इंग्रजीत शिरला की त्याचा रांगडेपणा बराच पातळ होतो. दक्षिण आफ्रिकेतल्या इंग्रजी वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत तो येतो, रेडिओवर श्रोते फोन करून म्हणतात, कोणी आवाज कापत नाही. परक्या भाषेतला शब्द तोंडात घेतला की त्याचं बोचणारं टोक बोथट होतं, हा आपलाही अनुभव आहे. मराठी माणूस इंग्रजीतल्या ज्या शिव्या चारचौघांत सहज हासडतो त्यांचं शब्दशः मराठी त्याला आईसमोर म्हणून दाखवायला सांगा!

2018 मध्येच केपटाऊनच्या केप फ्लॅट्स भागातल्या कलर्ड, म्हणजे मिश्र वंशाच्या लोकांच्या वस्त्यांतून एक आंदोलन उभं राहिलं, त्याचं नावच ‘गॅटव्हॉल केपटोनियन’. घरांचं वाटप, बेकारी, वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी हे त्यांचे मुद्दे. त्यांचा सूर बाहेरच्या प्रांतातून येणाऱ्यांविरुद्धही होता, त्यावरून बरीच टीका झाली, आणि मुंबईत वाढलेल्या माणसाला तो वाद वेगळा समजावून सांगायची गरज नाही. त्याचे नेते फादियेल ॲडम्स पुढे पक्ष काढून 2024 मध्ये राष्ट्रीय संसदेत पोचले. माझ्या मुद्द्यापुरतं एवढंच, की जो शब्द फलकावर, बॅनरवर, चळवळीच्या नावात चालतो, तो एखाद्या हिशेबनीस बाईंच्या मेलमध्ये आला म्हणून आकाश कोसळत नाही.

एक उपकथा, कारण हा गैरसमज आपल्याकडे फार आहे. आफ्रिकान्स म्हणजे गोऱ्यांची भाषा, असं आपण धरून चालतो. वर्णद्वेषी सरकारने ती शाळांत लादली आणि त्याविरुद्ध 16 जून 1976 ला सोवेटोतली मुलं रस्त्यावर उतरली, हे खरंच आहे, आणि ते ओझं भाषेवर आजही आहे. पण ती भाषा घरात बोलणाऱ्यांत गोऱ्यांपेक्षा इतर जास्त आहेत. 1652 मध्ये डच कंपनीने केपला तळ टाकला, आणि पुढे तिथे भारत, इंडोनेशिया, मादागास्कर इथून गुलाम आणले. मालकांची डच त्या सगळ्यांच्या तोंडी घोळून जी झाली ती आफ्रिकान्स. केपमधल्या मुसलमानांनी ती अरबी लिपीत लिहिली, 1877 साली इस्तंबूलला तसं पुस्तकही छापलं गेलं. त्यांच्या जेवणात ‘अचार’ आहे, तोच आपला. म्हणून मेल लिहिणाऱ्या बाई कोण आहेत हे आडनावावरून ठरवू नका. तिथे खोसा या तिथल्या आफ्रिकी समाजाच्या घरातला, गुजराती घरातला, इंग्रज घरातला, कोणीही खत्फॉल होऊ शकतो आणि तोच शब्द वापरतो.

आता दुसरा शब्द, जो तुम्ही ‘मोअर’ वाचलात. उच्चार ‘मूर’. इथे मी जरा जपून चालते, कारण तुमच्या मॅनेजरना भडकायचंच असेल तर खरं त्यांनी यावर भडकायला हवं होतं. ‘मूर’ हा आई या अर्थाच्या डच शब्दाचं आकसलेलं रूप. जनावराची आई, गर्भाशय, असे अर्थ त्याला चिकटले आणि त्यातून तो शिवराळ झाला. ‘तुझी मूर’ असं कोणी म्हटलं तर ती खरोखरची शिवी, आणि तिचा मार्ग कुठून जातो ते मराठी माणसाला ओळखीचं आहे. पण याच ‘मूर’चा अर्थ बोल्टवर बसणारा नट असाही होतो, आणि कॉफीच्या गाळाला ‘मूर’ म्हणतात, म्हणून गाळासकट उकळलेली ती ‘मूरकॉफी’. गॅरेजमध्ये ‘मूर दे’ म्हणणारा माणूस भांडायला आलेला नसतो.

‘द मूर इन’ म्हणजे भयंकर चिडलेला. इंग्रजी म्हणून वाचलं तर वाक्याची घडी विस्कटलेली वाटते: शब्दयोगी अव्यय मागे कसं? ते आफ्रिकान्समधून तसंच उचललंय. ‘दी हॉइस इन’ म्हणजे घरात शिरणं. ‘इन’ पुढे असेल तर घरात असणं, मागे असेल तर आत जाणं. इंग्रज माणसाला हे विचित्र वाटतं, पण आपण तर सगळंच मागे लावतो: घरात, रागात. म्हणून ‘द मूर इन’ आपल्याला उलट सोपं पडावं. रागात शिरलेला. कोणीतरी किंवा कशाने तरी आत ढकललेला. दोन वाक्यांचा क्रमही बघा. आधी खत्फॉल, म्हणजे माप भरलं. मग मूर इन, म्हणजे भरलेलं माप सांडलं. बाईंनी घाईत लिहिलं असेल, पण क्रम नेमका आहे.

मराठीत काय लिहायचं? एकच शब्द मागू नका, मी देणार नाही. ‘वीट’ मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण त्यात अतिरेकातून येणारी किळस आहे. श्रीखंड तीन दिवस खाल्लं की वीट येतो. पण त्यात राग कमी पडतो. ‘कावलो’ मध्ये राग आणि त्रास दोन्ही आहे, रांगडेपणाही बरोबर मापाचा आहे, मात्र तो लिखाणात खटकतो. ‘पकलो’ तर मुळीच नको, ते व्याख्यान लांबलं की म्हणायचं. ‘सटकली’ हा एका क्षणाचा राग. ‘जेरीस आलो’ मध्ये माणूस हरलेला असतो, आणि खत्फॉल झालेला माणूस हरलेला नसतो, हे तुम्हाला लवकरच कळेल. सबटायटलमध्ये वेल्डर बोलत असेल तर मी ‘कावलोय आता’ देते. मोर्चाच्या फलकावर असेल तर ‘आता बास!’ एवढंच, दुसरा शब्द पाहिजेच कशाला. आजी बोलत असतील तर ‘वीट आलाय बाई’. तुमच्या टिपणात मी असं लिहीन: ‘ग्राहक पार वैतागले आहेत आणि त्यांची सहनशक्ती संपली आहे, ऑफिसमध्ये तीव्र नाराजी आहे.’ शब्दाचं मूळ टिपणात अजिबात नको. ते वाचून चहाच्या टेबलावर फक्त हशा पिकेल आणि मुद्दा बाजूला पडेल.

हे मी चुका करून शिकले आहे. पहिली चूक हसण्यासारखी होती. सबटायटलच्या सुरुवातीच्या एका कामात मी प्रामाणिकपणे मूळ धरून ‘बुडापर्यंत भरलोय’ असं लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी समासात एवढंच लिहून पाठवलं: ‘पाण्यात उभा आहे का?’

दुसरी चूक हसण्यासारखी नव्हती. नाशिककडच्या एका लहान कारखानदारांसाठी मी दुभाषी होते, ते तिकडच्या एका व्यापाऱ्याला पंपाचे सुटे भाग पाठवायचे. दोन खेपांमध्ये मापं चुकली होती. व्हिडिओ कॉलवर तो व्यापारी अगदी शांत आवाजात, हसून म्हणाला, ‘वी आर खत्फॉल, हे.’ वाक्याच्या शेवटी तो ‘हे’ लावतात, आपल्या ‘हं’सारखा, त्याने बोलणं मऊ होतं. मी त्याच्या हसण्याला आणि त्या ‘हे’ला फसले. म्हटलं, शब्द जरा दांडगा आहे, वातावरण बिघडायला नको, आणि मराठीत सांगितलं, ‘ते जरा नाराज आहेत.’ कारखानदार काका म्हणाले, ‘होतं असं धंद्यात, पुढच्या लॉटला बघू.’ तीन आठवड्यांनी ऑर्डर बंद झाली. काकांना अखेरपर्यंत कळलं नाही की इतक्या हसतमुख माणसाला झालं काय. मला कळलं होतं. ‘जरा’ हा शब्द मी पदरचा घातला होता.

म्हणून तुमच्या मॅनेजरच्या रागापेक्षा मला दुसरी भीती जास्त आहे: ‘शिवी नाहीये’ असं माझं उत्तर वाचून सगळे निवांत होतील. निवांत होऊ नका. ज्या ग्राहकाने शिवी दिली त्याचा राग दुसऱ्या दिवशी उतरू शकतो. जो खत्फॉल झालाय त्याच्या मनात बहुधा दुसऱ्या पुरवठादाराचा नंबर आलेला असतो. त्याने तो शब्द लिहून तुम्हाला कळवलं, म्हणजे अजून बोलण्याची तयारी आहे. तेवढी फट आहे.

एक गोष्ट मात्र मेल पुन्हा उघडून बघा. बाई ‘या प्रकाराला’ खत्फॉल आहेत की ‘तुम्हा लोकांना’? तुम्ही दिलेल्या वाक्यावरून पहिलं दिसतंय, ते बरं आहे. ‘तुम्ही लोक’ हे शब्द त्या देशात फार झोंबतात, त्यांच्यामागे वर्णाचा इतिहास उभा असतो, आणि तसं असतं तर माझा सल्ला निराळा असता. शिवाय मेल कोणाकोणाला गेलाय तेही बघा. वरिष्ठांना प्रत ठेवून हा शब्द वापरला असेल तर वजन वाढतं. एवढी वर्षं गप्पा मारलेल्या तुमच्या सहकाऱ्याला एकट्याला लिहिला असेल तर त्यात थोडा आपलेपणाही आहे.

उत्तरात शब्द वापरू का? नको. तो तक्रार करणाऱ्याच्या हक्काचा आहे. ज्याच्यामुळे माप भरलं त्यानेच ‘तुम्ही खत्फॉल झालात हे आम्ही समजू शकतो’ असं लिहिलं तर ते थट्टेसारखं वाचलं जाईल. आणि ‘मूर’ तर लांबच ठेवा. साधं लिहा: तुमची सहनशक्ती संपली आहे हे आम्हाला कळतंय आणि त्याला कारण आम्ही आहोत.

त्यापुढे जे लिहाल त्यावर खरं सगळं अवलंबून आहे. सपोर्टमध्ये आपल्याला सवय असते शेवटच्या तिकिटाला उत्तर द्यायची. सहाव्या तक्रारीचं निवारण केलं, तिकीट बंद. पण त्या बाईंचा राग सहाव्या तक्रारीवर नाही. सहावी फक्त शेवटचा थेंब. म्हणून सहाच्या सहा तक्रारी तारखांसकट एकाखाली एक लिहा, प्रत्येक वेळी आपण काय केलं आणि ते का टिकलं नाही ते लिहा, मग मूळ कारण काय सापडलं आणि ते कोणत्या दिवशी दुरुस्त होणार. तुमच्याकडच्या एका माणसाचं नाव आणि थेट फोन द्या. मूळ कारण अजून सापडलं नसेल तर तसं कबूल करा. माप भरलेल्या माणसाला गोड बोलणं हा आणखी एक थेंब असतो.

आणि मेल लिहिताना ‘जस्ट नाऊ’ चुकूनही लिहू नका. आपण म्हणतो तेव्हा ‘आत्ताच’, ‘एवढ्यात’ असा अर्थ असतो. दक्षिण आफ्रिकेत ‘जस्ट नाऊ’ म्हणजे ‘करू कधीतरी’. थोड्या वेळात म्हणायचं असेल तर ते ‘नाऊ नाऊ’ म्हणतात. मी तिथे पहिल्या महिन्यात प्लंबरच्या ‘जस्ट नाऊ’वर विश्वास ठेवून तीन दिवस घरात बसले होते. तुम्ही सरळ तारीख आणि घड्याळातली वेळ लिहा, त्यांच्या घड्याळातली. ते आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे आहेत. त्यांचे सकाळचे आठ म्हणजे आपले साडेअकरा. उद्या त्या बाई टेबलाशी येऊन बसतील त्याआधी मेल पोचलेला असू द्या.